चर्चच्या शाळा, मराठी आणि इंग्रजी: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

वसई तालुक्यातल्या एका पॅरिश शाळेत, म्हणजे स्थानिक चर्चच्या शाळेत, मी गणित-विज्ञान शिकवते, सेमी इंग्रजीच्या वर्गांना (तिथे हे दोन विषय इंग्रजीतून, बाकी मराठीतून) आणि इंग्रजी माध्यमालाही. प्रवेशाचे दिवस जवळ आले की चौकश्या सुरू होतात. रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, भाजी घेताना, रात्री जेवण झाल्यावर फोनवर. विचारणारे बदलतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. हवं ते उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. द्विभाषिक शिक्षण म्हणजे नेमकं काय? इंग्रजी विषय तर सगळ्याच शाळांत असतो.

असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. पण तिथे इंग्रजी हा एक विषय आहे, आठवड्याचे ठरावीक तास आणि एक पेपर. द्विभाषिक शिक्षणात दोन्ही भाषा शिकण्याचं साधन होतात. काही विषय एकीतून, काही दुसरीतून, आणि मुलाने दोन्हींतून वाचावं, लिहावं, विचार करावा अशी अपेक्षा असते.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात घरची भाषा फक्त सुरुवातीला, आधारापुरती वापरतात आणि दोन-तीन वर्षांत सोडून देतात. दुसऱ्यात दोन्ही भाषा शेवटपर्यंत चालू ठेवतात. शाळेच्या पत्रकावर दोन्हींना 'द्विभाषिक'च म्हटलेलं असतं. तुमच्या शाळेत कोणता प्रकार आहे, हे पाटी वाचून कळत नाही. ते कसं ओळखायचं, यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. मग सेमी इंग्रजी हे द्विभाषिक शिक्षणच ना?

रचनेने हो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून, मराठी ही प्रथम भाषा. दहावीला गणिताचे आणि विज्ञानाचे पेपर इंग्रजीत, बाकीचे मराठीत. आपल्या राज्यातल्या साध्या, अनुदानित शाळांनी पेललेली ही व्यवस्था आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो.

पण रचना चांगली असली तरी वर्गात काय घडतं यावर सगळं अवलंबून असतं. एक प्रसंग सांगते. आठवीत नव्यानेच सेमीत आलेल्या एका मुलीला मी फळ्याजवळ बोलावलं आणि म्हटलं, "फाइंड द एलसीएम ऑफ ट्वेल्व्ह अँड एटीन." ती खडू धरून उभी राहिली. अर्धा मिनिट गेलं, मान खाली. मी हळूच म्हटलं, "अगं, लसावि काढ." तिने लगेच ३६ लिहिलं. तिला गणित येत होतं. अडलं होतं ते नाव. त्याच आठवड्यात सरळव्याजाचं उदाहरण आलं. त्यात 'प्रिन्सिपल' शब्द होता आणि निम्मा वर्ग मुख्याध्यापिकांचा विचार करत बसला. 'मुद्दल' म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले.

म्हणून सेमीच्या वर्गात माझी एक पद्धत ठरलेली आहे. पहिली पाच-सात मिनिटं मराठीतून: आज काय आहे, ते कुठे दिसतं, मागच्या इयत्तेत त्याला काय म्हणत होतो. मग पाठ इंग्रजीतून. शेवटी एखाद्या मुलाला उठवून त्याच्या शब्दांत, मराठीतून, समजावून सांगायला लावते. ज्याला ते सांगता येतं त्याला कळलेलं असतं. इंग्रजीतलं उत्तर पाठही असू शकतं. फळ्याच्या उजव्या कडेला रोज शब्दांच्या जोड्या लिहिल्या जातात: अंश-छेद आणि न्युमरेटर-डिनॉमिनेटर, काटकोन आणि राइट अँगल, प्रकाशसंश्लेषण आणि फोटोसिंथेसिस. तास संपेपर्यंत तो रकाना पुसायचा नाही, असा वर्गाचा नियम आहे.

काही ठिकाणी 'सेमी' म्हणजे पुस्तक इंग्रजी, समजावणं अर्धवट मराठी आणि वहीत मार्गदर्शकातून उतरवलेली उत्तरं, एवढंच असतं. त्यात मुलाला दोन्ही भाषा नीट मिळत नाहीत.

३. घरी सामवेदी (वसईतली आमची बोली) बोलतो, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी. तीन भाषांनी मुलाचा गोंधळ उडणार नाही का?

नाही. लहान मुलं कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे फार लवकर ओळखतात. आजीशी एक, फादरांशी दुसरी, मिसशी तिसरी. ते बोलताना शब्द मिसळतात ("आई, माझा होमवर्क कम्प्लीट झाला") याचा अर्थ भाषा बिघडली असा नाही. हाताशी आला तो शब्द मूल वापरतं आणि पुढे वेगळं करायला शिकतं.

खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. शाळेने सांगितलं म्हणून घरात मोडक्या इंग्रजीत बोलायला लागणारे आई-बाबा मी दरवर्षी पाहते. "कम हिअर, ईट फास्ट, डोन्ट डू" एवढ्यावर घरातलं सगळं संभाषण येऊन थांबतं. शेतात काय लावलं, आजोबा बोटीवर कसे जायचे, मामाच्या लग्नात काय झालं, हे त्या इंग्रजीत सांगताच येत नाही. मग मुलाच्या कानावर गोष्ट पडत नाही, कारण-परिणाम पडत नाही, लांब वाक्य पडत नाही. घरात तुम्ही ज्या भाषेत भांडता, रागावता, गोष्ट सांगता, तीच भाषा बोला. सामवेदी असेल तर सामवेदी, वाडवळी असेल तर वाडवळी.

४. मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते, पण पेपरात मागे पडते. असं का?

कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. मैदानावर, मैत्रिणींशी बोलण्यापुरती नवी भाषा एक-दोन वर्षांत येते. पण 'कारणे द्या', 'तुलना करा', 'यावरून काय अनुमान निघते' असं ज्या भाषेत विचारलं जातं ती पकडायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. बोलणं ऐकून पालक निर्धास्त होतात आणि तिसरी-चौथीत, मजकूर लांबू लागला की, गुण घसरतात.

अशा वेळी शिकवणी लावण्याआधी एक करून बघा. तोच धडा मराठीत तिला विचारा. मराठीत नीट सांगितला तर संकल्पना आहे, इंग्रजी शब्द कमी पडतायत. मराठीतही सांगता आला नाही तर धडाच कळलेला नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

५. लहान मुलाला 'पंचेचाळीस' म्हटलं की तो ५४ लिहितो. हे इंग्रजीमुळे होतं का?

इंग्रजीमुळेच असं नाही. मराठीत एकक आधी उच्चारतो, लिहितो मात्र दशक आधी. 'फॉर्टी-फाइव्ह'मध्ये उच्चार आणि लेखन एकाच क्रमाने चालतात. नुसत्या मराठी शाळेतल्या मुलांचीही इथे चूक होते. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'चाळीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली आणि त्यावर मोठा वाद झाला. माझ्या अनुभवात दोन्ही वाचनं शेजारी ठेवली की महिन्याभरात गाडी रुळावर येते. पंचेचाळीस हा शब्द मात्र सोडू नका. बाजारात तोच लागतो.

६. चर्चची शाळा म्हणजे इंग्रजी शाळाच ना? मराठीचा तिथे काय संबंध?

हा प्रश्न आमचीच माणसं विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

मुंबईतल्या जुन्या नामांकित कॅथलिक शाळा, वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३), माझगावची सेंट मेरीज (१८६४), धोबीतलावजवळची सेंट झेवियर्स (१८६९), इंग्रजी माध्यमाच्या म्हणून नावाजल्या आणि लोकांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र राहिलं. पण कॅथलिक धर्मगुरूंचं आणि मराठीचं नातं त्याहून अडीचशे वर्षांनी जुनं आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला लोकांच्या काळजाला हात घालायचा होता, तेव्हा त्याने मराठी निवडली.

वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. चिमाजी आप्पांच्या स्वारीनंतर ते गेले, इथले ख्रिस्ती इथेच राहिले आणि आपली बोलीही त्यांनी राखली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली आणि लॅटिनऐवजी आमची मिस्सा मराठीत होऊ लागली. त्यानंतर स्तोत्रं, प्रवचनं, धर्मशिक्षणाची पुस्तकं असं मोठं मराठी भांडार तयार झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या मराठी शाळेत शिकले, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षं संपादक होते आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. मराठी शाळेत शिकून माणूस कुठवर जाऊ शकतो, हे दाखवायला मला दुसरं नाव शोधावं लागत नाही.

मुंबईच्या गावठाणांतल्या अनेक ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे मराठीभाषक कॅथलिक) कुटुंबांत घरची भाषा दोन-तीन पिढ्यांत इंग्रजीकडे सरकली. आता आजी-आजोबांची गाणी नातवंडांना अर्थ विचारून गावी लागतात. वसईत आपण अजून त्या वळणाच्या अलीकडे आहोत.

७. मग चर्चच्या मराठी माध्यमाच्या तुकड्या बंद का होत आहेत?

पट. शाळेत किती मुलं आहेत त्यावर संच मान्यतेत शिक्षकांची पदं ठरतात. मुलं ठरलेल्या संख्येच्या खाली गेली की पद जातं. पद गेलं की दोन वर्ग एका शिक्षकाकडे येतात, ते पाहून आणखी चार पालक दाखला काढतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड होतं.

मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे मराठी माध्यमाची शेवटची पहिली मी पाहिली. सात मुलं होती. त्या वर्षी व्यवस्थापनाने नव्या इंग्रजी तुकडीसाठी माहितीपत्रकं छापली, बॅनर लावला, पालकांची सभा घेतली. मराठी तुकडीसाठी एक कागदही छापला नाही. वर्षअखेरीस 'मराठीला प्रतिसाद नाही' अशी नोंद झाली. तो वर्ग आता संगणक कक्ष आहे. संगणक कक्ष हवाच होता. पण त्या सात मुलांच्या आयांना कोणी एकदा तरी नीट बसून विचारलं असतं, सेमीची हमी दिली असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला आजही वाटतं. जिथे पहिलीपासून इंग्रजीचा चांगला शिक्षक आणि पुढे सेमी मिळण्याची खात्री दिली जाते, तिथे पालक मराठी शाळेत थांबतात, हे मी पाहिलेलं आहे.

८. मराठी सक्तीचा कायदा चर्चच्या इंग्रजी शाळांनाही लागू आहे का?

हो. २०२० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं बंधनकारक केलं, मग मंडळ कोणतंही असो आणि माध्यम कोणतंही. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या. न पाळणाऱ्या शाळेच्या प्रमुखाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे म्हणून मराठीतून सुटका होत नाही.

हा कायदा मराठी 'विषय' मागतो, 'माध्यम' नव्हे. माध्यमाबद्दल पुढचं उत्तर पाहा.

९. माध्यम कोण ठरवतं? सरकार, बिशप की पालक?

राज्यघटनेच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये पहिली ते चौथी मातृभाषेतूनच, असा आदेश काढला होता. त्यावर ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की प्राथमिक शाळेत माध्यम निवडण्याचं स्वातंत्र्य मुलाच्या वतीने पालकांचं आहे आणि सरकार मातृभाषा लादू शकत नाही.

व्यवहारात तिघांचाही हात असतो. अनुदानित शाळेला नवं माध्यम किंवा नवी तुकडी काढायची तर शासनाची मान्यता लागते. शाळा धर्मप्रांताची असेल तर धोरण धर्मप्रांताचं शिक्षण मंडळ ठरवतं. (वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, त्यामुळे दोन्हीकडची धोरणं अगदी सारखी असतीलच असं नाही.) आणि पालकांनी पहिलीत नाव घातलं नाही तर वरचे दोघे काहीच करू शकत नाहीत.

१०. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून चर्चच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळेल का?

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेत नाही. त्याच ६ मे २०१४ च्या दिवशी दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी पाठवला आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधी ताजी स्थिती पाहा.

११. पहिलीपासून हिंदीही येणार म्हणे?

एप्रिल २०२५ मध्ये तसा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जून २०२५ रोजी दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या मुलाला दोन भाषांत वाचायला-लिहायला पक्कं होऊ द्यावं. तिसरी पाचवीत सहज येते, हिंदी तर कानावर असतेच.

१२. धर्मशिक्षण कोणत्या भाषेत असतं? आणि बिगर-ख्रिस्ती मुलांना बसावं लागतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. सहसा ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि त्याच तासाला इतरांना मूल्यशिक्षण असतं.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इंग्रजी माध्यमात धर्मशिक्षण बहुधा इंग्रजीत होतं. मग मूल शाळेत प्रार्थना इंग्रजीत शिकतं आणि संध्याकाळी घरी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसल्यावर गप्प राहतं. प्रथम कम्युनियनच्या (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीच्या) तयारीला आलेल्या एका मुलाला पापनिवेदनाची प्रार्थना इंग्रजीत तोंडपाठ होती. मराठीत 'पश्चात्ताप' म्हणजे काय, हे त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "काल तू बहिणीची वही फाडलीस, मग तुला कसं वाटलं?" तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पोटात दुखल्यासारखं." त्या दिवशी त्याला तो शब्द कळला. ज्या भाषेत घर प्रार्थना करतं, त्या भाषेत धर्मशिक्षणाचा निदान एक तास असावा, असा आग्रह पालकांनी पॅरिश कौन्सिलमध्ये जरूर धरावा.

१३. मराठीतून पाचवीत किंवा आठवीत सेमीत जाणं झेपेल का?

झेपतं, तयारी आधीच्या उन्हाळ्यात केली तर. पाठ्यपुस्तक पुढच्या इयत्तेचं आणू नका, मागच्याच इयत्तेचं इंग्रजी पुस्तक आणा. गणित येतंच आहे, फक्त शब्द नवे. बालभारतीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञाही दिलेल्या असतात, त्या वहीत उतरवून काढा. पहिल्या घटक चाचणीत गुण कमी येतील. घाबरून माध्यम परत बदलू नका, सहामाहीपर्यंत थांबा. आठवीपेक्षा पाचवीतला बदल सोपा जातो, कारण शब्दसंख्या कमी असते.

इंग्रजीतून मराठी माध्यमात यायचं असेल तर अडचण उलटी येते. बोलणं असतं, पण जोडाक्षरं आणि लांब उत्तरं लिहिण्याचा सराव नसतो. रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचन, सहा महिने. याला दुसरा जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

१४. मुलाला अध्ययन अक्षमता आहे. दोन भाषा सोडून एकच ठेवावी का?

आधी तपासणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी ती होते आणि अधिकृत प्रमाणपत्रावर मंडळाकडून जादा वेळ, भाषेच्या विषयात सूट अशा सवलती मिळू शकतात. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ एकास एक जुळतात, इंग्रजीत नाही. त्यामुळे तीच अडचण इंग्रजीत जास्त ठळक दिसते आणि 'इंग्रजीमुळेच झालं' असा समज होतो. कोणता विषय सोडायचा हे शाळेच्या सोयीने ठरवू नका, मुलाला कोणत्या भाषेत आधार आहे ते पाहून ठरवा. घरातली बोली तर कुठल्याच कारणाने बंद करू नका (प्रश्न ३).

१५. शाळा पाहायला गेल्यावर काय बघावं?

वर्गात डोकावा आणि मुलं प्रश्न कोणत्या भाषेत विचारतात ते ऐका. इंग्रजीच्या तासाला कोणी प्रश्नच विचारत नसेल तर मुलं भाषेला भ्यायली आहेत. मराठीत बोलल्याबद्दल दंड घेतात का, हे थेट विचारा. घेत असतील तर त्या शाळेत मी माझं मूल घातलं नसतं. वाचनालयातलं मराठी कपाट उघडून पुस्तकांवर धूळ आहे का बघा. मराठीला पूर्णवेळ, मराठीच शिकवणारा शिक्षक आहे की रिकाम्या तासाला ज्याला वेळ असेल त्याला पाठवतात? सेमी असेल तर गणिताच्या दोन वह्या चाळा. सगळ्या वह्यांत उत्तरं शब्दशः सारखी असतील तर समजून घ्या.

१६. आमची बदली गोव्यात झाली आहे. तिथल्या कॅथलिक शाळांत मराठी मिळेल का?

गोव्याची गोष्ट आपल्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात स्थान मिळालं. १९९० च्या सुमारास सरकारने ठरवलं की अनुदान फक्त प्रादेशिक भाषेतल्या प्राथमिक शाळांना. तेव्हा चर्चच्या शिक्षण संस्थेने आपल्या इंग्रजी प्राथमिक शाळा कोकणीत नेल्या. गोव्यातले कॅथलिक मिस्सा आणि वृत्तपत्रं रोमी, म्हणजे रोमन, लिपीतल्या कोकणीत वाचत आले, पण शाळेतली कोकणी देवनागरीत. म्हणजे घरात एकच भाषा, पण चर्चमध्ये एक लिपी आणि वर्गात दुसरी. पाचवीपासून पुन्हा सगळं इंग्रजीत. पालकांची नाराजी वाढत गेली आणि २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. त्यावर मराठी आणि कोकणीप्रेमी संघटनांनी भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या छत्राखाली अनेक वर्षं आंदोलन केलं.

आज तिथल्या चर्चच्या प्राथमिक शाळा प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भाषा विषय म्हणून बहुधा कोकणी मिळते. मराठी हवी असेल तर प्रवेशाआधी त्या शाळेत विचारा. मुलाला कोकणी घेऊ द्यायलाही हरकत नाही. लिपी तीच, शब्द ओळखीचे, वर्षभरात कान बसतो.

१७. आम्ही परदेशात आहोत. तिथल्या कॅथलिक शाळांत दोन भाषांची सोय असते म्हणतात, ती घ्यावी का?

कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये कॅथलिक शाळांना पूर्ण सरकारी पैसा मिळतो. प्राथमिक शाळेत प्रवेशासाठी सहसा मुलाचा किंवा पालकाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. इंग्रजी कॅथलिक मंडळांत 'फ्रेंच इमर्शन' असतं, तिथे मूल बराच अभ्यास फ्रेंचमधून करतं. फ्रेंच कॅथलिक मंडळं वेगळी, ती मुख्यतः फ्रेंचभाषक हक्कदारांसाठी असतात. दोन्हींत गल्लत करू नका. पुरेशा पालकांनी मागणी केली तर मंडळं शनिवारी किंवा शाळेनंतर वारसा भाषांचे वर्गही घेतात, मराठीसाठी एकत्र येऊन मागणी करा.

अमेरिकेत बॉस्टन कॉलेजच्या पुढाकाराने कॅथलिक शाळांचं 'टू-वे इमर्शन' जाळं उभं राहिलं आहे. बहुतेक ठिकाणी स्पॅनिश-इंग्रजी. अर्धी मुलं स्पॅनिश घरांतली, अर्धी इंग्रजी घरांतली, आणि एकमेकांकडून शिकतात. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिथे स्थलांतरित मुलाच्या आईची भाषा वर्गातल्या सगळ्यांना हवीशी होते. मराठी मुलाला मात्र तिथे घरची भाषा धरून तिसरी भाषा मिळते, म्हणून घरात मराठी वाचनाची वेळ ठरवूनच तिथे नाव घाला.

१८. आम्ही मल्याळी कॅथलिक. केरळातून वसईला आलो, मुलगा सहावीत आहे आणि त्याला मराठीचं अक्षरही येत नाही. काय करावं?

इंग्रजी माध्यमात त्याला मराठी द्वितीय किंवा तृतीय भाषा म्हणून असेल. म्हणजे पुस्तक सुलभभारती, प्रथम भाषेचं बालभारती नव्हे, आणि नववी-दहावीत कुमारभारतीऐवजी अक्षरभारती. ही तुलनेने सोपी असतात. नवीन आलेल्या मुलाच्या मूल्यमापनात काही मुभा मिळते का, ते शाळेकडून लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

हिंदी शिकला असेल तर देवनागरी येतेच, 'ळ' तर मल्याळमचा घरचाच आहे. उच्चारात तो आमच्या मुलांच्या पुढे जाईल. मी अशा एका मुलाला सुलभभारतीऐवजी आधी मराठी मिस्सेची पुस्तिका दिली होती. मिस्सेत काय म्हणतात ते त्याला मल्याळममध्ये पाठ होतं, त्यामुळे मराठी ओळीचा अर्थ शोधावा लागत नव्हता, फक्त वाचावं लागत होतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो वर्गात उभा राहून धडा वाचू लागला. अडखळत, पण स्वतःहून हात वर करून.